अकरा फेरे

मी धुडकू भोई. नगरपालिकेची चावी माझ्याकडे.
तिजोरीची नाही, पाण्याची:
साडेचार फूट लोखंड, वर आडवी मूठ,
सायकलच्या दांडीला सुतळीने बांधलेली.
एकोणीस वर्षं अमळनेरात लोक मला
तोंडावरून नाही, तिच्या खडखडाटावरून ओळखतात.

पाणी आठव्या दिवशी. कधी अकराव्या.
व्हॉल्व पुरता उघडायला अकरा फेरे लागतात,
हे मला माहीत, आणि देवाला.
कुणाच्या गल्लीला नऊ, कुणाच्या सात,
भाऊसाहेबांच्या गल्लीला अकरा, वर थोडा जोर.
तसं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागत नाही.

मग कुमुद झोपे उभी राहिली.
रावेरकडची. सहा वर्षांपूर्वी इकडे आली,
पैलाडला पिठाची गिरणी टाकली.
ती आधी डबा ओळखते, मग माणूस:
हिरव्या झाकणाचा मन्यारांचा,
तळाला डांबर लावलेला, कळण्याचा वास येणारा
सखूबाई मोऱ्यांचा.
महिनाअखेर कुणाचा डबा अर्धाच येतो
तेही तिला माहीत. ते ती बोलत नाही.

फॉर्म भरायला गेली तशीच, केसांत पीठ घेऊन.
कारकुनाने दोनदा वय विचारलं.
चिन्ह मिळालं बादली.
चौकात भाऊसाहेबांची माणसं टाळ्या देऊन हसली:
बाई झोपे, आणि बादली रिकामी!

सखूबाईंनी ओट्यावरून हटकलं,
"तू कथाईन ऊनी वं माय, आमना वार्डमा?"
"रावेरहून, मावशी. पण सहा वर्षं
तुमच्याच ज्वारीचं पीठ नाकात जातंय."

एका रात्री ती माझ्या दारात.
मत मागेल म्हणून मी आधीच मान हलवून ठेवली.
तिने वही काढली.
तीन वर्षांचं पाणी होतं त्यात:
तारीख, वेळ, गल्ली, किती हंडे.
शेवटच्या रकान्यात नुसते आकडे.
नऊ. सात. नऊ. अकरा. सात.
गिरणीच्या खिडकीतून मोजलेले माझे फेरे;
बाकीच्या गल्ल्यांतले तिथल्या बायांनी मोजलेले.

मला वाटलं, आता गेली नोकरी.
तिने विचारलं,
"हाताला घट्टे पडत असतील ना, भाऊ?
ग्रीस देते का पालिका?"

मतदानाच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांचा भाचा आला.
उद्या सकाळी सहाला आमच्या गल्लीला सोड, म्हणाला.
खिशात काहीतरी कोंबलं.
मी ते मोजलं नाही. दोनदा मोजलं नाही.

सायकल आपोआप गिरणीकडे वळली.
पट्टा थांबवून तिने सगळं ऐकलं,
वहीचं पान उलटलं, बोट फिरवलं.
"उद्या पाळी त्यांच्याच गल्लीची आहे हो."
"म्हणजे?"
"म्हणजे सोडा."
"लोक म्हणतील, भाऊसाहेबांनी पाणी आणलं."
"म्हणतील."
ती थोडा वेळ गप्प होती. जात्याचा दगड अजून गरम,
पीठ हवेत.
"फक्त अकराच फेरे. आणि परवा
पैलाडला तेवढेच."

मी सोडलं. सहाच्या ठोक्याला.
भाऊसाहेबांच्या गल्लीत अंगणं धुतली गेली,
बाया ओल्या पायांनी मत द्यायला निघाल्या.
खिशातल्या पैशांचं म्हणाल,
तर चार नंबरच्या व्हॉल्वला वायसर नव्हतं.
आता आहे.

निकाल पेपरात आला, चार ओळींचा.
तो तुम्ही तिथेच वाचा.
मला त्याच्यापुढचं सांगायचंय.

आता मी कुठल्याही गल्लीत खड्ड्यात चावी उतरवली
की दारं उघडतात.
खळ्यावर धान्य मापावं तसं
बाया मोठ्याने मोजायला लागतात:
लाभ, दोन, तीन, चार...
नवव्याला माझा हात
जुन्या सवयीने जरासा थांबतो,
आणि कुठल्यातरी ओट्यावरून
दात पडलेली एक पोरगी ओरडते,
"काका, आखो दोन!"