टोपी बाजार, लष्कर

लष्कर म्हणजे तळ.
आज उतरायचं, उद्या उठायचं.
आमचा उठलाच नाही.
खुंट्या ठोकल्या तिथे दुकानं उगवली,
दोऱ्या ताणल्या तिथे गल्ल्या पडल्या,
आणि वाड्याचा, परक्या जिभांवरून फिरत फिरत,
बाडा झाला.
बाबा म्हणायचे, व चा ब व्हायला काय लागतं,
पोटात एक काडी.

बाड्यावरून आत वळलं की आमचं दुकान,
साडेसहा फूट रुंद
आणि सरकारी चौकशीसारखं लांब.
माळ्यावर एकशे बारा लाकडी डोकी,
प्रत्येकाच्या मानेवर मोडीत नाव, खातं, घेर.
पोतनीस, दफ्तर, साडेअकरा मुठी.
इंगळे, पागा. डावा कान वर.
चंदेरीचा पीळ ओला करून बाबा त्यावर चढवत
आणि पुढचं टोक येताना श्वास रोखत.

माणसं त्यांना नावानं आठवायची नाहीत.
बाड्यावरच्या इमारतीही त्यांच्या लेखी गिऱ्हाइकंच.
पोस्टानं घड्याळाचा तुरा लावलाय,
बँक विलायती हॅट घालून आलीय,
छापखान्याला माप मिळेना, तो बोडकाच उभा.
"सात मुलखांतून वऱ्हाड जमलंय, शकू,
आणि नवरदेव निघून गेलाय."

तो एकदम गेला नाही.
आधी संस्थान गेलं,
मग राजधानी उरली ती थंडीपुरती,
सहा महिने आम्ही, सहा महिने इंदूर,
जशी दोन सुनांकडे आलटून पालटून सासू.
मग भोपाळला फायली गेल्या,
फायलींच्या मागे डोकी गेली.
साचे माळ्यावर राहिले.

आम्ही पांढऱ्या टोप्या विकल्या.
मग माकडटोप्या,
कारण ग्वाल्हेरचा जानेवारी कुठल्याच पक्षाचा नसतो.
स्काउटच्या, क्रिकेटच्या, बँडवाल्यांच्या.
इंगळ्यांचं डोकं दाराला अटक म्हणून लावलं,
उन्हाळ्यात लू सुटली की तेवढंच दार धरून ठेवायचं.
विक्टोरिया मार्केट जळलं तेव्हा
आख्खा बाजार बादल्या घेऊन धावला
आणि बाबा माळ्यावर चढले.
खाली आले ते दोन्ही काखांत एकेक माणूस घेऊन.

गेल्या माघात एक मुलगा आला, पुण्याहून,
लग्नाला एक दिवसापुरती पगडी भाड्यानं हवी म्हणाला.
सराफ्यातल्या कोरीव सज्ज्यांचे फोटो काढून दमला होता.
नाव पोतनीस.
मी काही न बोलता साचा उतरवला.
पगडी त्याला सैल झाली, दोन बोटं.
आत वर्तमानपत्राची घडी घातली,
हे जुनंच आहे, पणजोबांच्या पगडीतही असेल.
त्याने आरशात पाहिलं, मान ताठ केली, विचारलं,
"यूपीआय चालतं ना?"
चालतं.

बाबांचा साचा मात्र नाही.
जन्मभर उघड्या डोक्याने बसले.
बांधणारा कशाला बांधून घेईल, म्हणायचे.
जिन्यावरून पडले त्या रात्री
जयारोग्यमध्ये टाके पडले, आठ.
कंपाउंडर पट्टी गुंडाळत होता,
भराभर, पुढून मागे, मागून पुढे,
आणि बाबा डोळे मिटून
बोटांनी चादरीवर वेढे मोजत होते.

सकाळी मी गेले तेव्हा उशीला टेकून बसलेले,
पांढरी शुभ्र, कानावरून जरा कलती.
म्हणाले, आरसा आण.
बराच वेळ पाहिलं.
मग कपाळावर बोट ठेवलं:
"डावीकडून घ्यायला हवी होती.
टोकच काढलं नाही गाढवाने."

घेर विचारायचा राहून गेला.
ती पट्टी माझ्याकडे आहे, धुतलेली.
कधीतरी मोजेन.