अर्थ लागतो का

टाम्पेरेत, तिसऱ्या मजल्यावर, ओइवानं
अँपमागे लाकडी खोका बसवला.
आत काळी माती, खनिजांचा चुरा, चांदीची तार.
किंमत सिल्याला अर्धीच सांगितली.

"ऐक, चेलोचे पाय कसे जमिनीला टेकले."
ती स्वेटरचे टाके मोजत होती.
"कालही टेकलेलेच होते."

तार काढली, लावली. परत काढली.
नवव्या खेपेला त्यालाच कळेना
आत्ता लागलीये की सुटलीये.

मग फ्रीज थांबला, आपणहून,
आणि दोघांनाही ऐकू आला
वाजवणाऱ्याचा श्वास,
दोन सुरांमध्ये घेतलेला,
चाळीस वर्षं तबकडीत तसाच.

ओइवा तार बघायला वाकला,
आणि न बघताच परत बसला.
सिल्या म्हणाली, "फ्रीज बंदच ठेवू या.
मासे बाल्कनीत ठेवते.
बाहेर उणे अकरा आहे."