निव्वळ वजन

जिनिंगच्या काट्यावर मी दिवसभर
आधी भरलेली गाडी तोलतो, मग रिकामी.
मधली वजाबाकी म्हणजे कापूस.
ओल जास्त असली तर क्विंटलमागे दोन किलो कापायचे.
एवढं सोपं आहे माझं काम.

घरी आलो तर माय ओट्यावर.
"तुकारामच्या मंथनले कांजण्या निघाल्या.
यशूले धाड तिकडं दोन दिस, एका ताटात जेवू दे.
लहानपणीच होऊन गेलेलं बरं,
जनमभराची कटकट जाते."
आम्ही देवी मानत नाही, छप्पन सालापासून नाही.
तरी 'कांजण्या' म्हणताना
मायचा आवाज खाली येतो,
पलीकडं कोणी ऐकत असावं तसा.

करुणा म्हणाली, यवतमाळच्या डॉक्टरकडे लस आहे.
दोन डोस. एकेक दोन हजारांच्या घरात.
आशाताईनं रजिस्टरवरून बोट फिरवलं:
गोवर आहे, पोलिओ आहे,
हे आमच्या यादीत नाही, दादा. तुमची मर्जी.

तुमची मर्जी.
हे दोन शब्द मला कुठल्याच काट्यावर चढवता येईनात.

माझ्या भुवईत एक खड्डा आहे,
सातवीत मीच खाजवून केलेला.
तीन आठवडे शाळा बुडाली,
कोणी रागावलं नाही, न्हाऊसुद्धा घातलं नाही.
खरं सांगू? मजेचे दिवस होते ते.
पण त्याच साली, त्याच आळीत
दमयंताआत्याला झाल्या, लग्नानंतर,
आणि छातीत उतरल्या.
माय तिचं नाव या हिशोबात घेत नाही.

"उद्या धाडतो," मी म्हणालो.
करुणा भाकर थापत होती. थांबली.
"मले झाल्या होत्या काय, कोणाले माहीत?"
हात परातीत तसेच.
"आन् मले दोन महिने झाले.
तुमाले रविवारी सांगणार होती."

तवा धुरायला लागला तेव्हा माय उठली,
काही न बोलता तिनं गॅस बंद केला.

रात्री साडेनवाला हिंगणघाटच्या मामाला फोन लावला.
करुणाची आई असती तर
एका शब्दात सांगून मोकळी झाली असती.
मामा म्हणाला, "लाल लाल झालं होतं एकडाव अंगावर.
गोवर असन. नाहीतर घामोळ्या.
आता का आठवते बाप्पा!"

सकाळी ठरलं, लसच.
बसला निघायचं तर यशू दिसेना.
मग पऱ्हाटीच्या कुंपणातल्या भोकातून निघाली,
हातात निंबाची डहाळी, गालात चिक्की.
"मंथननं देल्ली. त्याच्या अंगावर किनी बाबा,
मोत्यावानी फोडं हायेत. मी हात लावून मोजले.
सत्तेचाळीस."

डॉक्टर म्हणाले, आजच टोचू.
कदाचित अडेल, कदाचित नाही.
करुणाचं रक्त घेतलं. चार दिवसांनी कागद आला,
त्यात एक इंग्रजी ओळ. ओळीचा अर्थ:
नव्हत्या झाल्या.
पोरीपासून आठवडाभर तरी काही भीती नाही, म्हणाले होते.
करुणानं ऐकलं नाही, त्याच सांजेला
बहिणीकडे गेली, बाभुळगावला.
फाटकातून यशूला नुसता हात केला.

माय आता यशूचे कपडे वेगळे धुते.
त्या ताटाचं कोणीच काढत नाही.

आज अकरावा दिवस.
जेवणं झाली की व्हिडिओ कॉल येतो.
"फ्रॉक वर करा तिचा. पाठ दाखवा. आता पोट.
थांबा. तो काय हाय?"
"डास चावला."
"नक्की?"
मी मोबाइल बल्बखाली नेतो,
अंगठ्यानं चोळतो. पेनाची शाई.
पलीकडं करुणा श्वास सोडते, तो इकडं ऐकू येतो.

"माहे किती झाले?" यशू विचारते.
"एकबी नाही."
तिचं तोंड एवढंसं होतं.