पाणथळ जागेची खूण

तीन आडव्या तुटक रेषा, वर गवताच्या दोन काड्या.
नकाशात पाणथळ जागा अशी दाखवायची.
सव्वीस वर्षं मी ती काढली
बेलापूरच्या कचेरीत, ट्रेसिंग पेपरवर, बारीक निबाच्या पेनाने,
आणि सुधारित आराखडा आला की
ब्लेडने अलगद खरवडून
तिथे सेक्टरचा आकडा घातला.
ब्लेड मी चांगलं चालवायचो.
कागदावर ओरखडा उठत नसे.

निवृत्तीला सहकाऱ्यांनी जलरंगांची पेटी दिली,
चोवीस वड्या, झाकणात आरसा (कशाला, कोण जाणे).
मग मी निसर्ग शोधायला निघालो.
म्हणजे तिकिटं काढली.

हंपीला दगड रंगवले, सगळे बटाटे झाले.
लाचुंगला बर्फासाठी कागद कोरा सोडला,
घरी आल्यावर विशाखा म्हणाली,
हे अर्धवट का ठेवलंय?
वाईच्या घाटावर माझ्याआधी नऊ जण बसलेले,
नऊ कागदांवर एकच देऊळ,
त्याच पायरीवरून, त्याच सावलीसकट.
मी दहावं काढलं.
कपाटात अकरा वह्या झाल्या.
उघडल्या की हॉटेलच्या साबणाचा वास येतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी
चष्म्याची काच बदलायला टाकली. दोन तास लागतील म्हणाला.
जुना नंबर डोळ्यावर चढवून,
पेटी पिशवीत होतीच,
चालत दिवाळ्याच्या जेट्टीवर गेलो.
ओहोटी होती.
जुन्या काचेतून कशालाच कड नव्हती.
पलीकडचे टॉवर आभाळात विरघळलेले,
तिवरांचा लांबट, काळपट हिरवा डाग,
कुशीवर झोपलेल्या चार होड्या
आणि मधे तो चिखल, नजर जाईल तिथवर,
ज्याच्यासाठी माझ्याकडे
तीन तुटक रेषा होत्या.

करडा कालवला. काळा, पांढरा, चिमूटभर मातकट.
मागे सुकट पसरत असलेल्या चांगुणाबाई
(नाव नंतर कळलं)
ओल्या हातांनी येऊन कागदावर वाकल्या.
"यो चिखल मेलेला हाय," म्हणाल्या.
"जित्या चिखलान आभाल असतंय."
आणि सुकट उलटी करायला परत गेल्या.

मी पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर उकिडवा बसलो.
निवट्यांनी उड्या मारमारून केलेले खळगे,
प्रत्येकात चमचाभर आभाळ:
एक जांभळट, एक पारव्याच्या मानेचं,
एक चहावर धरलेल्या सायीसारखं,
आणि एक, अगदी कडेचं, इतकं निळं
की चोवीस वड्यांत ते नव्हतं.

बाटलीतलं पाणी संपलं तेव्हा
डबी खाडीत बुडवली.

खाडीच्या पाण्यात रंग ऐकत नाही.
वाळता वाळता मीठ त्याला ओढून घेतं,
पांढुरके फुटवे येतात,
मला हवे तिथे नाही, त्यांना वाटेल तिथे.
सवयीने हात खिशात गेला, ब्लेड शोधायला.
खिशात फक्त चष्मेवाल्याची पावती.

आता आठवड्यातून तीनदा जातो.
नवा चष्मा घरी राहतो, विशाखाला वाटतं विसरतो.
तिकिटं काढत नाही असं नाही,
पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याचं आहेच,
पण रिकामी डबी बरोबर नेणार आहे,
तिथल्या पाण्यात काय असतं बघायला.

काल चांगुणाबाईंनी कागद हातात घेतला,
बराच वेळ लांब धरला.
"ही आमची होरी," एका डागावर बोट ठेवलं.
डाग होडीचा नव्हता, पण असू दे.
मग बोट कागदावरून सरकत
कडेच्या बाहेर गेलं,
हवेत, टॉवरांच्या दिशेने.
"तिकरं पन होता."

मला ठाऊक होतं.
मला त्या सेक्टरचा आकडाही ठाऊक होता.
सांगितला नाही.
कागद परत मांडीवर घेतला,
टॉवर होते त्या जागी
डबीतलं उरलेलं पाणी ओतलं,
आणि मीठ काय करतं ते बघत बसलो.