हातोडी माझ्या खणात असते

बावीस वर्षं.
उमेओत प्रबंध छापून आला
की तो फळीवर ठोकायचा, अशी रीत.
भोक मीच पाडून ठेवतो कोपऱ्यात,
अक्षरांना लागणार नाही असं.

आज तूवा आली. सहा वर्षं दगडफुलावर.
पहिला खिळा वाकला.
दुसऱ्याला हातोडी अंगठा चाटून गेली.
टाळ्या, केक,
मार्गदर्शक घड्याळ बघत हसले.

जाताना कानाशी म्हणाली,
"फोल्के, पान एकशे बारा. चूक राहिलीय.
बोलू नका कुणाशी."

रात्री कुलूप घालण्याआधी
खिळ्यावरच पानं उलटून
वाचलं, दोनदा.
चूक काही सापडली नाही.
एवढंच कळलं, की दगडफूल
वर्षाला नखाच्या कडेएवढंही वाढत नाही
आणि ही पोर दर उन्हाळ्यात
ते मोजायला जात होती.