पट्टी

भुसावळात मे महिन्यात
टेप दोन दिवसही धरत नाही.
नारखेडे सरांना म्हणते, हलू नका.
कपाळ स्पिरिटनं पुसते, फुंकर घालते,
पट्टीचे कोरीसारखे तुकडे
केसांच्या रेषेच्या जरा आत बसवते.
कागद नखानं सोलायचा.
जाळी एकदाच टेकवायची,
उचलून परत लावली की चुणी राहते,
आणि लोक चुणीच बघतात.

सर विचारतात, मुलीच्या हळदीत नाचलो तर?
नाचा की. पण कूलरसमोर.

रात्री खोबरेलनं बोटं चोळते.
गोंद जातो, त्याच्यासोबत रेघाही.

रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, "माय, आखो एकदाव दाब."
मी दाबते,
तीस आकडे मोजत,
कडेपर्यंत.