पट्टीवरचं नाव

पट्टी मी टाइप करायचो, सर, बावीस वर्षं.
पडद्याच्या तळाशी सरकणारी ती पिवळी ओळ माझी,
वरचं सगळं तुमचं:
निळा पडदा, वहिदभाईच्या लग्नातला कोट.
खाली, टेबलाआड, चौकड्यांची लुंगी,
जी उदगीरनं कधी पाहिली नाही.
गावाला तुम्ही फक्त छातीपर्यंत माहीत.

आपल्या खोलीखाली वहिदभाईची चक्की.
ती चालू असली की कॅमेरा थरथरायचा,
नगराध्यक्षसुद्धा हलताना दिसायचे.
म्हणून आठला पाच कमी असताना पट्टा उतरायचा,
बायका ज्वारीचे डबे घेऊन पायरीवर बसायच्या.
कुणी कुरकुरलं तर वहिदभाई म्हणायचा,
"थांब की माय, सर बोलू लालेत."

काय सांगायचात तुम्ही?
मोठं काही नाही.
कोणत्या गल्लीला नळ परवा, कोणत्या गल्लीला आठव्या दिवशी.
नळगीरची म्हैस, डाव्या शिंगाला निळा रंग, सापडल्यास कळवा.
दहावीचे नंबर, पास झालेले तेवढेच.
नापासांचे वाचायला आपल्याकडं वेळ नाही, म्हणायचात,
आणि मग चार मिनिटं उरायची,
तुम्ही सावकाश पाणी प्यायचात.

लोडशेडिंगच्या उन्हाळ्यात अख्खं गाव अंधारात,
आपला जनरेटर तेवढा धडधडतोय.
मी म्हटलं, सर, कुणाचाच टीव्ही चालू नाही, वाचायचं कुणासाठी?
"दवाखान्यात इन्व्हर्टर असंल,"
म्हणालात, आणि कोटाचं बटण लावलंत.

एकदा जित्या माणसाची निधनवार्ता वाचलीत.
चूक माझी. गेले होते हेरचे शिवमूर्ती,
मी टाइप केलं लोणीचे.
दुसऱ्या दिवशी लोणीचे शिवमूर्ती स्वतः जिना चढून आले.
तुम्ही त्यांना चहा पाजलात, शेजारी बसवलंत,
आठ वाजता दोघांनी मिळून गावाला नमस्कार केला.
तेव्हापासून दंडक पडला:
नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव.
चारही मिळाल्याशिवाय माणूस पट्टीवर जाणार नाही.
"अर्धा माणूस नको पाठवूस," म्हणायचात.

आज सकाळी कीबोर्डपुढं बसलो
आणि तुमच्या वडलांचं नाव मला येईना.
बावीस वर्षं!
पगाराच्या वहीत सर. मोबाइलात सर.
शिवी द्यायची झाली तरी मनातल्या मनात सरच.

घरी गेलो. महानंदाकाकू भिंतीला टेकून बसलेल्या.
विचारावं कसं?
विचारलं.
बायकांत कुजबुज झाली,
कारण काकूंनी तुमचं नाव कधी घेतलंच नव्हतं,
हळदीकुंकवातसुद्धा "आठला दिसतात ते" म्हणून सुटायच्या.
त्यांनी पदर सारखा केला,
समोर कागद धरल्यासारखं पाहिलं,
आणि कुठंही न अडखळता म्हणाल्या,
"गुरुलिंग इरप्पा हुडगे. वाढवणा."
मग थोड्या वेळानं,
"रु पहिला, बरं का. ते बघत असायचे."

दुपारी तुम्हाला नेलं. तुमच्यात बसवूनच माती देतात.
मांडी घातलेली, पाठ ताठ,
तशीच, जशी मी रोज कॅमेऱ्यातून पाहायचो.
कोट काढायला कुणीतरी हात घातला, वहिदभाई म्हणाला,
"राहू द्या. आता तो त्यांच्याच मापाचा झालाय."
कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या.
एकही सरकत नव्हती.
आणि गावानं पहिल्यांदा तुमचे पाय पाहिले,
टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याला जुनी ठेच.

आठला पाच कमी.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी खाली चक्कीचा पट्टा उतरला.
डबे पायरीवर टेकल्याचा आवाज वर आला.
मी कॅमेरा चालू केला: निळा पडदा, खुर्ची.
काही थरथरलं नाही.
मग पट्टी सोडली.
नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव.
आणि मागोमाग, नाहीतर तुम्ही रागावला असतात,
उद्या पहाटे चौबारा भागात नळ येतील,
भांडी रात्रीच घासून ठेवावीत.